एका मुलामागे एकच नाव

"चार वाजता फाटक उघडायचंय," शाळेच्या मोठ्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"उघडेल," प्रोग्रामर मान वर न करता म्हणाली.

कोणतं मूल कोणाबरोबर जाणार, हे आता फाटकावरचा संगणकाचा पडदा ठरवत होता. गेल्या वर्षी एक मूल भलत्याच माणसाबरोबर गेलं. तासाभरात सापडलं, पण मोठ्या बाईंची झोप उडाली ती उडालीच. पुन्हा तसं झालं तर त्या स्वतःला माफ करणार नव्हत्या. म्हणून त्यांनी हट्टाने नियम घालून घेतला: एका मुलामागे एकच पालक, एका पालकामागे एकच मूल. काल त्या नियमाने एका आजोबांना मोठा नातू दिला आणि धाकटा अडवून धरला. आजोबांनी शाळा डोक्यावर घेतली.

"मुलांचा एक तक्ता, पालकांचा एक," प्रोग्रामर म्हणाली. "त्यांच्यात तुम्ही एकास एक नातं ठेवायला लावलंत. घरं अशी नसतात, बाई. मुलाला न्यायला चारजण येतात, आजोबांना नातवंडं दोन असतात. नातं अनेकास अनेक हवं."

"आणि त्या चौघांतला एक भलताच निघाला तर?"

"तुमच्या पासवर्डशिवाय नाव चढणारच नाही."

मोठ्या बाईंना अजून पटत नव्हतं. पण आजोबा आजही येणार होते. बाईंनी पासवर्ड टाकला.

खिडकीबाहेरून मुलांची रांग गेली. प्रोग्रामरने खुर्ची भिंतीकडे वळवली. डोळ्यांवर उजेड येतोय म्हणाली.

"चाचणीला एक मूल घेते. सतरा नंबर."

"घ्या. बिचारीला आई नाही. वडील एकटेच येतात, तेही साडेचारला."

प्रोग्रामरची बोटं जराशी थांबली. मग तिने वडिलांच्या नावाखाली लिहिलं, आत्या. पुढे चाचणीपुरता स्वतःचाच फोन नंबर घातला.

"नंतर पुसाल ना?"

"पुसते की."

चारला फाटक उघडलं. फोनवर आलेला आकडा सांगायचा, शिपायाने पडद्यावर पाहायचा, की मूल बाहेर. "आज दोन्ही नग मिळाले!" आजोबा खूश होऊन म्हणाले. मोठ्या बाईंना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. प्रोग्रामरचे आभार मानायला त्या ऑफिसात डोकावल्या, तर खुर्ची रिकामी. गेली असेल चहाला, असं म्हणून त्या फाटकाशी परतल्या.

"सतरा नंबर!" शिपायाने हाक दिली. "आत्या आल्यात!"

मुलगी दप्तर सावरत बाहेर आली, फाटकाशी उभ्या प्रोग्रामरकडे बघून जागीच थांबली. दप्तर खाली पडलं.

"आई? बाबा तर म्हणाले, तू देवाघरी गेलीस."