घासाघीस
हॉस्पिसच्या खाटेवर शेवटचे दिवस मोजताना आईनं मुकाट सोसलं तर फायदा थोरल्या लेकाचा होता, “काय सोशिक घराणं!” म्हणत नातेवाईक त्याची पाठ थोपटायचे. म्हणून नर्सनं “आजी, दुखणं दहापैकी किती?” विचारलं की तोच “तीन” म्हणायचा. मॉर्फिन तसंच परत जायचं आणि आई टॉवेल चावत पडायची. आज तो “तीन” म्हणाला, तशी आईनं टॉवेल दातांतून काढला. “नऊ!” “आई, सवय लागेल. पाच म्हण.” “घासाघीस नको. जन्मभर भाजी विकली मी. माल माझा, भाव मीच सांगणार. सवय तुझ्या बापाचीही लागली होती, सुटलीच ना?” नर्सनं हसू दाबत औषध पाजलं. हळूहळू आईच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. “आता नातेवाइकांना काय सांगू?” थोरला पुटपुटला. आईनं चावून चिंध्या झालेला टॉवेल त्याच्या हातात ठेवला. “माझं सोसून झालं. आता तू चाव.”