सोळाव्या पानापुढे

कपाटाला वाळवी लागली होती आणि उरलेल्या फळीवर आणखी एकच जाडजूड पुस्तक मावत होतं. चित्रपटाचा इतिहास ठेवायचा की आफ्रिकेतली रंगभूमी? ग्रंथपाल सुलक्षणाने दोन्ही टेबलावर घेतली. एक रद्दीत जाणार होतं.

चित्रपटाचं पुस्तक लोकांनी वाचून वाचून पार खिळखिळं केलं होतं. नट्यांचे फोटो तर केव्हाच कुणी कापून नेले होते. आफ्रिकेचं मात्र कोरं करकरीत, तरी कार्डावर बावीस नोंदी, सगळ्या तिरोडकर सरांच्या.

"ते काढलंस तर याद राख," सर वर्तमानपत्रामागून गरजले. "आख्खं पाठ आहे मला!" आणि गावात नाटकाचा नारळ फुटो की शोकसभा असो, सरांचं भाषण आफ्रिकेला वळसा घालून आल्याशिवाय संपत नसे, हे खरंच होतं.

तिने पुस्तक उघडलं. सोळाव्या पानापुढची पानं कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहिलेली अशी पानं वाचकाने पट्टी घालून सोडवायची असतात. ही कुणी सोडवलीच नव्हती. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी वर्तमानपत्र हळूच खाली ठेवलं.

वाचनालयात आणखी चौघंजण होते. सुलक्षणाने पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, हे घरी न्या. वाचकाकडे असलेलं पुस्तक रद्दीत काढता येत नाही." फळीवर तिने चित्रपटाचा इतिहास ठेवून दिला.

सरांनी सही केली, पुस्तक काखेत मारलं, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "तुझी ती स्टीलची पट्टीपण दे."