टेकूंचा मुहूर्त

मिक्सरचा ट्रक कधीचा फाटकाशी घुरघुरत उभा होता. त्याच्या पोटातले काँक्रीट आळत चालले होते, आणि सासरे घड्याळाकडे पाहत होते.

"बाबा, आत्ताच ओतायला हवं. घट्ट झालं की संपलं." परक्यांच्या बांधकामावर या इंजिनिअर सुनेच्या सहीशिवाय घमेले हलत नसे, हा स्लॅब मात्र घरचा होता.

"ज्योतिषांनी वेळ काढून दिलीय. काँक्रीट थांबेल, सूनबाई. ग्रह थांबत नाहीत."

"ग्रह कुठे पळून चाललेत? थांबत नाही ते काँक्रीटच."

कंत्राटदार हसला. "नवरीसुद्धा मुहूर्तासाठी ताटकळते, वहिनी. सिमेंटला कसला आलाय मान?" त्याने पाण्याची नळी उचलली आणि ट्रकच्या तोंडात सोडली.

"बंद करा ते! सगळा जोर जाईल त्यातला. हा माल परत पाठवा."

"शुभकार्यात असं अभद्र बोलू नये," सासरे म्हणाले.

"आणि चाचणीचे ठोकळे मघाशीच भरून ठेवलेत, ताज्या मालाचे," कंत्राटदाराने आवाज मऊ केला. "पास होणारच."

"ठोकळ्यांना मुहूर्त लागला नाही वाटतं?"

नळी वाहतच राहिली.

घटका भरली. सगळे जिन्याने स्लॅबच्या फळ्यांवर चढले. सासऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि पंपाने सळयांच्या जाळीवर ते पातळ, करडे ओकायला सुरुवात केली.

ती खाली उतरली. टेकूंच्या दाटीत, उद्याच्या खोलीच्या जमिनीवर, तिच्या लेकीने काल खडूने आपला पलंग काढून ठेवला होता, उशीसकट. वरच्या फळ्यांच्या फटींतून सिमेंटचे पाणी गळत होते. थेंब उशीवर पडत होते.

सासरे जिना उतरून आले. चेहऱ्यावर जेवून उठल्याची तृप्ती. "साधली बघ वेळ! आता शंभर वर्षं या घराला मरण नाही."

तिने चपलेने उशी पुसली. मग सगळा पलंग.

"आणि हे टेकू कोणत्या मुहूर्तावर काढायचे, बाबा?"

"आता कशी शहाण्यासारखं बोललीस!" ते म्हणाले, आणि तिथेच, त्या गळत्या छताखाली उभे राहून, त्यांनी ज्योतिषांना फोन लावला.