दीड कप मैदा

लग्न झालं त्याच आठवड्यात माझ्या सासूने, व्हेल्माने, तिच्या स्पंज केकची कृती मला तोंडी सांगितली: चार अंडी, दीड कप मैदा. पुढची अकरा वर्षं वॉलारूबाच्या कृषी प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत तिच्याच केकला, आणि शेजारच्या बशीत माझा, घट्ट, न फुगलेला. "कृती तीच आहे गं लोरेन, पण हात लागतो त्याला," असं ती मुद्दाम परीक्षक बायकांसमोर म्हणायची. माझा नवरा ग्रॅहम तो बसका केक कस्टर्डमध्ये बुडवून खायचा. "आईची सर यायला वेळ लागतोच. पुढच्या वर्षी बघ!"

यंदा समितीने छापण्यासाठी सगळ्या कृती ग्रॅममध्ये मागितल्या. व्हेल्माचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, म्हणून कपांचे ग्रॅम करून द्यायला मी तिची वही उघडली. करण्यासारखं काही नव्हतंच. तिथे पहिल्यापासून ग्रॅमच होते: मैदा शंभर ग्रॅम. माझा दीड कप मी काट्यावर ओतला, तर सव्वादोनशे भरला.

त्या आकड्याशेजारी ग्रॅहमच्या अक्षरात लिहिलं होतं, "आई, लोरेनला दीड कप सांग."