दुसरी वायर

"आँख बंद करा, बाबा. चीटिंग नाई चालनार," नरेश टीव्हीच्या मागून म्हणाला. "आवाज आला का हात वर करा. मंग सांगा, कोनती वायर ठेवू."

प्रश्न दोन वायरींचा होता. नव्या होम थिएटरला आवाज एचडीएमआयने द्यायचा की ऑप्टिकलने. टीव्हीला एचडीएमआयच्या दोनच जागा. एक सेट-टॉप बॉक्सने घेतलेली. दुसरी होम थिएटरला दिली तर नरेशच्या लॅपटॉपला काही उरत नव्हतं. आवाजात फरक नसेल तर ऑप्टिकल चालणार होती. निवाडा बापाच्या कानांनी करायचा होता. सहा वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत पोलाद कारखान्यातल्या प्लेट मिलच्या दरसालच्या तपासणीत देवाजीचे कान पास झाले होते.

नरेशची आई कौशल्या दाराशी बसून भाजी निवडत होती.

पहिली वायर लागली. शोकेसमधले ग्लास थरथरले. देवाजीने हात वर केला.

नरेशने ती काढून दुसरी बसवली. देवाजीचा हात पुन्हा वर गेला.

"हा साफ आहे. हाच ठेव."

खोलीत काहीच वाजत नव्हतं. वायर बसली होती, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये बदल करायचा राहिला होता.

कौशल्येने मान वर केली. देवाजीचे डोळे किलकिले होते आणि शोकेसच्या काचेवर होते. काचेत नरेशचा हात दिसत होता.

"बाबा, आवाज तर सुरूच नाई झाला अजून."

देवाजी काचेकडेच पाहत राहिला.

कौशल्या उठून त्याच्यासमोर आली. "मिलमधे बी असंच करत होते का?"

त्याने हात खाली घेतला. "कान तपासनाऱ्या मशीनवाल्याचं बोट काचेत दिसत होतं. त्यानं बटन दाबलं का माहा हात वर. फेल झालो असतो तर मिलमधून काहाडून स्टोअरमधे बसवलं असतं. पोट्टे हासले असते."

"कवापासून?"

"दहा-अकरा साल झाले असन."

"वा बाबा!" नरेश हसला. "दस साल सबको उल्लू बनाया!"

कौशल्या हसली नाही. स्वयंपाकघरातून दिलेल्या हाका, ज्यांना कधी ओ आली नाही. तापात मागितलेलं पाणी, आणि तेव्हा तिच्याकडे पाठ करून झोपलेला तो. भाचीच्या लग्नात चारचौघांत तिने काही विचारलं आणि तो सरळ पुढे निघून गेला, ते. इतकी वर्षं धरून ठेवलेलं एकेक तिने मनातून सोडून दिलं. सोडताना तिचा चेहरा सैल होत गेला.

एकच उरलं.

"माय तुमसरच्या दवाखान्यात होती," ती म्हणाली. "मी म्हनलं, आज रातच्या गाडीनं जाऊ. तुमी पेपर वाचत राह्यले. कायी बोलले नाई. मी गेली नाई. सकाळी ती गेल्याचा फोन आला." ती थांबली. "तवा बी आयकू नाई आलं ना तुमाले?"

"नानी को गए नौ साल हुए, आई," नरेश म्हणाला. "कहाँ से सुनाई देता उनको?"

देवाजी तिच्या ओठांकडे पाहत होता. त्याने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती त्याचीच वाट पाहत होती.

"त्या दिशी तू समोर येऊन बोलली होती," तो म्हणाला. "समजलं होतं मले."