सोमवारची साक्ष

शटर पुरतं वर जायच्या आतच पास्टर वाकून दुकानात शिरले आणि खुर्चीत बसले. दाढी करायची होती. तीही वस्तऱ्यानं.

न्हाव्यानं बायकोकडे पाहिलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. उजवा हात कापायला लागल्यापासून त्यानं कुणाच्या गळ्याला वस्तरा लावलेला नव्हता. कापणाराच हात कापतोय, अशी गिऱ्हाइकं थट्टा करायची आणि मशीननं केस करून घेऊन जायची. पण काल उपासनेनंतर पास्टरांनी तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरून प्रार्थना केली. सगळी मंडळी भोवती उभी राहिली. थांबलाय का, असं पास्टरांनी विचारलं आणि तो हो म्हणाला. ते खरंच होतं, हात थांबला होता. बायका रडल्या, कुणीतरी गाणं धरलं. घरी जाताना वळणावर थरथर पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यानं हात खिशात घातला. बायकोनं ते पाहिलं होतं.

आता त्यानं ब्रश घेतला. फेस मात्र झकास झाला. थरथरीचा तेवढाच काय तो उपयोग. पास्टर डोळे मिटून बोलत होते. रात्रभर झोप लागली नव्हती, आनंदाच्या भरात. इतकी वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी गुडघे टेकले आणि त्यातल्या बहुतेकांना शेवटी मातीच दिली. देव ऐकतो असं लोकांना सांगायचं आणि घरी येऊन छताकडे बघत पडायचं. कालपासून कसं हलकं वाटत होतं. म्हणूनच बऱ्या झालेल्या हाताची पहिली दाढी आपली, असं ठरवून ते आले होते.

न्हाव्यानं वस्तऱ्यात पातं बसवायला घेतलं. ते खाली पडलं. त्यानं दुसरं काढलं.

पास्टरांचं चालूच होतं. बेकरीवालीचा विश्वास काय सांगावा! तिच्या मुलीला फिट येतात. काल ही साक्ष बघून तिनं मुलीच्या गोळ्याच बंद केल्या. सकाळी फोन करून तसं कळवलंसुद्धा.

"तुम्ही काय म्हणालात तिला?" बायकोनं विचारलं. तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

पास्टरांनी डोळे उघडले. "काही नाही. तिच्या विश्वासाच्या आड मी कसा येऊ?"

मग न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि हात आरशासमोर धरला, पास्टरांना नीट दिसेल असा. बोटं आपल्याच नादात हलत होती.

"काल थांबला होता," तो म्हणाला. "वळणापर्यंत."

पास्टर आरशात बघत राहिले. मग ते एकदम उठले आणि गळ्यातल्या कापडासकट बाहेर पडले. न्हावी मागोमाग धावला. बायकोनं चपलांसाठी हाक मारली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही.

बेकरी जवळच होती, पण पास्टरांना धाप लागली. लोक थांबून बघत होते. आपण खोटं बोललो नव्हतो, हे न्हाव्याला चालता चालता सांगायचं होतं. पण आधी बेकरी गाठायला हवी होती. वळणावळणावर त्याला वाटे, आता पलीकडून किंकाळी ऐकू येईल.

पुढच्या काउंटरवर कोणी नव्हतं. आत मुलगी भट्टीच्या तोंडाशी उभी होती, हातात कच्च्या पावांचा ट्रे, गाल आचेनं लाल. आजवर आईनं तिला या खोलीचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

"बघा पास्टर," पीठ मळता मळता बेकरीवाली म्हणाली, "कशी उभी आहे माझी पोर."

पास्टर मुलीच्या आणि भट्टीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. गोळी द्या तिला, म्हणाले. मी सकाळीच सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं.

बेकरीवालीचा चेहरा घट्ट झाला. अर्धामुर्धा विश्वास तिला ठेवायचा नव्हता. काल तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

न्हाव्यानं हात पुढे केला.

तिनं पिठाळ हातांनी तो पकडला. थरथर थांबली. तिनं सोडला, तशी पुन्हा सुरू झाली. कितीतरी वेळ ती त्या हाताकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती होती.

"मग काल कुणी थांबवला होता?"

पास्टरांनी खाली पाहिलं. गालावरचा फेस सुकून त्याचे पापुद्रे झाले होते.

"देवानंच," न्हावी म्हणाला. "मला तरी तसंच वाटतं. पण ताई, आधी गोळी द्या."

मग एप्रनला हात पुसून तिनं फळीवरचा डबा खाली घेतला. गोळ्या टाकून दिलेल्या नव्हत्या. ती पाणी घ्यायला वळणार, तोच न्हाव्यानं पेला भरून घेतला. दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मुलीपर्यंत पोचेस्तोवर अर्धं पाणी जमिनीवर, पिठावर, त्याच्या अनवाणी पायांवर सांडलं. मुलीला हसू आलं. ते आवरून तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि पेला तोंडाला लावला.

उरलेलं पाणी पुरलं.