हजेरीचं कार्ड

एका पत्राला नळेगावकर सरांनी वेळेत उत्तर दिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या विद्यार्थिनीनं, पंचशीलानं, लिहिलं होतं, ‘सर, आईसंगं दुष्काळी कामावर खडी फोडून राहिले. कॉलेजातली हजेरी भरत न्हाई. इथं मुकादम रोज हजेरी घेतो, ती चालंल का? परीक्षेला बसू देणार असाल तर कळवा, तरच येते.’

सरांनी लगेच कार्ड लिहिलं; पण ते प्राचार्यांच्या हाती लागलं तर, या धास्तीनं पुस्तकात ठेवून दिलं. परीक्षेत तिचा बाक रिकामाच राहिला.

दहा वर्षांनी उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. सरांनी त्याच कार्डावरचा जुना जिल्हा खोडून नवा लिहिला आणि कार्ड टपालपेटीत टाकलं. मजकूर बदलायचं धाडस झालं नाही.



‘तुझी हजेरी मी रोज लावतो आहे. परीक्षेला ये.’